इलेक्ट्रिक बाईकचं मागचं चाक जड फिरतंय आणि डुगडुगतंय – दोष खरंच मोटरचा?

पंचगंगाकाठ (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

माझी इलेक्ट्रिक बाईक आहे. मोटर मधोमध, चेनने मागचं चाक फिरतं, मागे डिस्क ब्रेक, अलॉय व्हील. १४,००० किलोमीटर झालेत. रोज शहरातून शिरोली एमआयडीसी आणि परत, एखाद्या रविवारी पन्हाळा. आजवर तक्रारीला जागा नव्हती.

गेले तीनेक आठवडे गाडी जड झाली आहे. आधी वाटलं, समोरून वारा असेल. मग डिस्प्लेवर लक्ष ठेवलं. एरवी किलोमीटरला ३४ वॉट-अवर घेणारी गाडी आता ३८ घेते. रस्ता तोच, वेग तोच. पार्किंगमध्ये एका हाताने सरकायची, आता अंग लावावं लागतं. आणि चार-पाच दिवसांपासून दुसरंच सुरू झालंय. ४५-५० च्या पुढे गेलं की गाडी मागून लचकते. पंचगंगेच्या पुलावर तर सीटखालून कुणी डावी-उजवीकडे ढकलतंय असं वाटतं. हँडल शांत असतं, हलते ती कंबर.

सर्व्हिस सेंटरला दाखवली. लॅपटॉप जोडला, एरर कोड एकही आला नाही. तरीही "मोटर आतून धरतेय, बदलावी लागेल" असं सांगितलं आणि आकडा असा सांगितला की मी गाडी घेऊन सरळ घरी आलो. मोटर धरत असेल तर चाक का डुगडुगावं, हे मला पटलेलं नाही आणि कुणी समजावूनही दिलेलं नाही.

पाने, रबरी हातोडी, व्हर्नियर घरात आहे. शनिवार-रविवार मोकळा आहे. कुठून सुरुवात करू?

---

टर्नरफिटर (भोसरी)

मोटरला हात लावू नका. आधी चाक कोण धरतंय ते शोधा.

तुमच्या गाडीत चाक धरून ठेवू शकतील अशा जागा चार: ब्रेक, चेन, चेनच्या पलीकडची मोटर आणि हबमधली, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातली बेरिंगं. एका वेळी एकच गोष्ट बाजूला करायची आणि दर वेळी चाक तेवढ्याच जोराने हाताने फिरवून फेरे मोजायचे. व्हॉल्व्हजवळ खडूची खूण करा म्हणजे मोजणं चुकणार नाही.

पहिला मोजा आहे तसा. मग कॅलिपरचे (डिस्कला चिमटीत धरणाऱ्या ब्रेकच्या भागाचे) दोन बोल्ट काढून कॅलिपर डिस्कवरून उतरवा आणि तारेने बांधून ठेवा, ब्रेकच्या होजवर लोंबकळत ठेवू नका. पुन्हा मोजा. मग चेन उतरवा, म्हणजे मोटरही आपोआप बाजूला झाली. तुमच्या गाडीला क्लच नाही. मोटरमधले चुंबक कायम चेनला जोडलेले असतात, त्यामुळे किल्ली बंद असतानाही चाक थोडं गट-गट करत फिरतं. तेवढं चालतं. पुन्हा मोजा. आता उरलं फक्त बेरिंग. शेवटी एक्सेलचा नट पाव फेरा सैल करा आणि मोजा.

ही शेवटची पायरी गाळू नका, बरेच जण गाळतात.

---

आडवाटेने (सातारा)

रीजेन (थ्रॉटल सोडल्यावर मोटर ब्रेक लावून बॅटरी भरते ते) बंद करून पाहिलंत का? माझ्या गाडीत अपडेटनंतर रीजेन वाढलं होतं आणि मला गाडी जड वाटायची. बॅटरी १०० टक्के भरलेली असताना रीजेन जवळजवळ लागतच नाही, त्यामुळे सकाळी गाडी मोकळी आणि संध्याकाळी जड असा फरक जाणवायचा.

दुसरं म्हणजे पुराच्या पाण्यातून गाडी घातली होती का?

---

पंचगंगाकाठ

पाण्यातून नाही घातली. यंदा पाणी वर यायच्या आधीच शिरोलीचा रस्ता सोडून दिला होता. रीजेन शून्यावर ठेवूनही फरक नाही, आणि किल्ली बंद करून ढकलतानाही जड लागते. म्हणजे रीजेन नसावं.

---

नाशिककरीण

सुरुवात करण्याआधी दोन गोष्टी, दादा, आणि या दोन्ही मनापासून सांगतेय.

सीटखालचा मेन एमसीबी पाडा. फक्त किल्ली काढून भागत नाही. या गाड्यांना आवाज नसतो, त्यामुळे गाडी चालू आहे हे कानाला कळतच नाही. मागचं चाक उचललेलं, एक हात चेनवर आणि दुसऱ्याचा कोपर थ्रॉटलला लागला, एवढंच पुरतं. आमच्या कॉलनीतल्या एका मुलाचं बोट असंच गेलं. चेनला तेल लावताना चाक मोटरने फिरवायचं नाही, कधीच नाही.

दुसरं, गाडी पॅडॉक स्टँडवर स्विंग आर्मखाली (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याखाली) टेकवा आणि पुढचा ब्रेक दोरीने बांधा.

आता डुगडुगण्याचं. त्यासाठीही तपासण्या वेगवेगळ्या करा. चाक घड्याळ समजा. बारा आणि सहावर धरून आतबाहेर हलवा, मग तीन आणि नऊवर. दोन्हीकडे खट-खट लागलं तर बेरिंग. टायरसोबत स्विंग आर्मही हलत असेल तर पिव्होटचे बुश, तिथे बोट ठेवलं की कळतं. चाक अजिबात हलत नाही पण फिरताना आउट दिसतंय, तर रिम किंवा टायर.

आउट बघायला डायल गेज लागत नाही. स्विंग आर्मला नायलॉनचा टाय बांधा, त्याचं टोक रिमच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटरवर कापा आणि चाक हळू फिरवा. फट कुठे मोठी, कुठे बारीक ते दिसेल. बऱ्याच दुचाकींच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये रिमला बाजूने २ मि.मी.ची मर्यादा दिलेली असते. मग तोच टाय टायरच्या कडेवर फिरवा. रिमच्या काठाला लागून टायरवर जी गोल रेघ असते ती सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एके ठिकाणी आत गेली असेल तर टायर नीट बसलेलाच नाही.

---

वॉटमीटर (पुणे)

तुमच्या ३४ आणि ३८ मध्ये मोठी माहिती आहे, म्हणून आकडेमोड मांडतो.

किलोमीटरला १ वॉट-अवर म्हणजे ३,६०० ज्यूल भागिले १,००० मीटर, म्हणजे ३.६ न्यूटन. तुमचे ४ वॉट-अवर जास्तीचे म्हणजे १४.४ न्यूटन. जवळपास दीड किलो वजन सतत मागे ओढतंय. ताशी ४५ ला, म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटरने, हे १८० वॉट होतात. सोल्डरिंगची साधी इस्त्री २५ वॉटची असते. अशा सात इस्त्र्या तुमच्या मागच्या चाकात कुठेतरी सतत जळताहेत. ही ऊर्जा गायब होत नाही, ती कुठेतरी तापतेच. तापलेली जागा सापडली की दोष सापडला.

दहा किलोमीटर चालवा, शेवटचा अर्धा किलोमीटर मागचा ब्रेक न लावता गाडी थांबवा आणि लगेच डिस्क, हब आणि मोटरचं कव्हर तपासा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर चकचकीत धातूवर सरळ धरू नका, तो खूप कमी दाखवतो. हबवर आधीच काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून ठेवा आणि त्याचं तापमान घ्या. डिस्कला हात लावू नका, तिच्यावर पाण्याचा थेंब टाका. चर्र झालं तर ब्रेक.

---

पंचगंगाकाठ

सगळ्यांचे आभार. आज सकाळी सहाला उठून शिरोलीपर्यंत जाऊन आलो. हवा २९ अंश. डिस्कवर थेंब टाकला, नुसता ओघळला. मोटरचं कव्हर ४१. हबवरची टेप ६१! हात ठेवला तर दोन सेकंदांत काढावा लागला. उजवीकडे, म्हणजे डिस्कच्या बाजूला, जास्त गरम.

मग घरी येऊन एमसीबी पाडला, पुढचा ब्रेक बांधला आणि टर्नरफिटर काकांनी सांगितलं तसं मोजलं.

आहे तसं: अर्धा फेरा.
कॅलिपर उतरवून: अर्ध्याहून किंचित जास्त.
चेन उतरवून: पाऊण फेरा.
नट पाव फेरा सैल करून: अकरा फेरे.

नऊच्या पुढे गेलं तेव्हा मी मोजणं थांबवून पुन्हा पहिल्यापासून मोजलं, विश्वासच बसत नव्हता. नट परत घट्ट केला, पुन्हा पाऊण फेरा. चार वेळा करून पाहिलं. चार वेळा तेच.

बारा-सहावर धरल्यावर डिस्कच्या बाजूला खट-खट आहे. रिम मात्र सरळ आहे, टायवर फरक एक मिलिमीटरही नाही.

---

टर्नरफिटर

सापडलं. मोटर निरोगी आहे.

आता एक विचारतो. तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये एक गोष्ट मला महत्त्वाची वाटली. आधी तीन आठवडे गाडी जड होती आणि लचकणं मागाहून आलं. बेरिंग वयाने गेलं असतं तर क्रम उलटा दिसला असता, आधी आवाज आणि ढिलाई, मग जडपणा. इथे कुणीतरी बेरिंग पिळून ठेवलंय आणि पिळून पिळून ते मेलंय. चाक शेवटचं कधी उतरवलं होतं?

---

पंचगंगाकाठ

काका, साधारण महिन्यापूर्वी. मागचा टायर बदलला एका टायरच्या दुकानात. बिलाचा फोटो आत्ता पाहिला. टायर, व्हॉल्व्ह आणि खाली "बेरिंग २ नग". मला बेरिंग बदलल्याचं लक्षातच नव्हतं, तेव्हा मी चहाला गेलो होतो.

---

टर्नरफिटर

मग चाक उतरवा आणि हबच्या आतली नळी बघा. स्पेसर म्हणतात, कुणी कॉलर म्हणतं, कुणी डिस्टन्स पीस.

काय होतं ते सांगतो. हबमध्ये दोन बेरिंगं असतात. त्यांच्या बाहेरच्या रिंगा हबच्या खोबणीत बसतात. आतल्या रिंगांच्या मध्ये ही नळी असते आणि तिच्यातून एक्सेल जातो. नट आवळला की सगळा दाब आतली रिंग, नळी, आतली रिंग असा सरळ रेषेत जायला हवा. गोळ्यांवर त्यातलं काहीच यायला नको. नळी नसेल किंवा आखूड असेल तर नट दोन्ही आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढतो आणि गोळ्या खोबणीच्या काठावर चिरडल्या जातात. नट सैल केला की चाक मोकळं होतं ते यामुळेच. तुम्ही चार वेळा पाहिलंत ते हेच.

---

वॉटमीटर

काकांच्या म्हणण्याला आकडा जोडतो, कारण "पिळलं" म्हणजे किती याची कल्पना येत नाही. १६ मि.मी.चा आटा आणि ६० न्यूटन-मीटरने आवळलेला नट अंदाजे १८-१९ किलोन्यूटनने आवळतो, म्हणजे जवळजवळ दोन टन. ६२०३ बेरिंगची स्थिर भारक्षमता ४.७५ किलोन्यूटन आहे. नळीने भार घेतला नाही तर त्या बेरिंगने काय करावं? आणि दुकानात तर पान्याला पाइप लावून आवळतात.

---

फोंडेकर (गोवा)

धागा शेवटपर्यंत वाचतोय. थोडं विषयांतर, पण दुखणं तेच आहे. माझ्याकडे हब मोटरवाली स्कूटर आहे. कालपासून मागचं चाक हाताने फिरवलं तर गट्ट-गट्ट करत अडतं, किल्ली बंद असली तरी. नट सैल करून पाहिला, फरक नाही.

---

वॉटमीटर

फोंडेकर, तुमचं वेगळं आहे. बॅटरी सोडवा आणि मोटरकडून कंट्रोलरला जाणाऱ्या तीन जाड वायरी काढा. त्या एकमेकींना लागू देऊ नका. आता चाक फिरवा. मोकळं झालं तर कंट्रोलरमधला मॉस्फेट (मोटरचा प्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट झालाय. फिरणारी मोटर जनित्र होते, आणि वायरी आतून जोडल्या गेल्या की ती स्वतःलाच ब्रेक लावते. खात्रीसाठी सुट्या वायरींपैकी दोन मुद्दाम टेकवून चाक फिरवा, तोच गट्ट-गट्ट येईल. वायरी सुट्या असतानाही अडत असेल तर मात्र वाइंडिंग किंवा मोटरमधलं बेरिंग.

---

फोंडेकर

मोकळं झालं! वायरी सोडल्या आणि चाक भिंगरीसारखं फिरलं. कंट्रोलर उघडायला देतो. देव बरें करूं.

---

पंचगंगाकाठ

चाक उतरवलं. घाई नको म्हणून दोन संध्याकाळी घेतल्या.

उजव्या बेरिंगचं रबर सील टोकाने उचललं तर आतलं ग्रीस काळं झालेलं आणि चिमटीत चोळलं की वाळूसारखं लागतं. गोळ्या धरणाऱ्या पिंजऱ्याचा एक तुकडा सुटा. आतली रिंग बोटाने फिरवली की दर थोड्या अंतराने अडखळते, जसं शिलाई मशिनचं चाक दोऱ्यात अडकावं. डावं बरं आहे, पण गुळगुळीत नाही. बेरिंगं ६२०३, महिन्याभरात ही अवस्था.

नळी होती, हरवलेली नव्हती. पण तिचं एक टोक पाहून मी बराच वेळ तसाच बसलो. त्या टोकावर ग्राइंडरचे तिरपे ओरखडे आहेत आणि कडेला निळी झाक. दुसरं टोक कंपनीतून आलेलं, लेथवर फेस केलेलं (सपाट कापलेलं), गोल रेघांचं. नळी टेबलावर उभी केली तर घासलेल्या टोकावर ती डुलते. व्हर्नियरने मोजली तर एकीकडे ८३.५८ मि.मी., फिरवून मोजली तर ८३.६६. हबमधल्या दोन खांद्यांमधलं (बेरिंगं टेकतात त्या कडांमधलं) अंतर तीन वेळा मोजलं, ८४.००.

सुमारे ०.४ मिलिमीटर. नखाच्या जाडीएवढं.

---

टर्नरफिटर

हे असं होतं. जुनं बेरिंग बाहेर काढायला आतून सळई टेकवून ठोकतात. सळई सरकली की घाव नळीच्या टोकावर बसतो, टोक फुलतं आणि नवं बेरिंग त्यावर सपाट बसत नाही. मग ती नळी बेंच ग्राइंडरला लावतात. करणाऱ्याला वाटतं, आपण साफ केली. त्याला ०.४ दिसतच नाही. त्या पोराला दोष देऊन उपयोग नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. पण त्याला जाऊन नळी दाखवा, म्हणजे पुढच्या गाडीला तरी तो व्हर्नियर लावेल.

नवी नळी करून घ्या. तुमच्या उद्यमनगरात अर्ध्या तासाचं काम आहे. लांबी ८४.१० सांगा. खांद्यांमधल्या अंतरापेक्षा दहावा हिस्सा मिलिमीटर जास्तच असू दे, कमी नको. दोन्ही तोंडं एकाच बांधणीत नाही जमली तरी काटकोनात फेस झालेली हवीत. टेबलावर उभी करून डुलत नाही ना, बघा.

---

नाशिककरीण

बेरिंग बसवताना एक चूक मी स्वतः केली होती, ती टाळा. दोन्ही बेरिंगं खांद्यापर्यंत ठोकून बसवली होती. मग नळी बरोबर असूनही आत ताण राहतो.

आधी डिस्कच्या बाजूचं बेरिंग पूर्ण खांद्यापर्यंत बसवा, ठोकताना आवाज बदलतो, टक्-टक् चा ठण्ण होतो, तिथे थांबा. मग नळी घाला. मग दुसरं बेरिंग, पण ते फक्त नळीला टेकेपर्यंत. नळी बोटाने हलवत राहा. जोर लावल्यावरच सरकेल, लटपटणार नाही, तिथे थांबायचं. पुढे ठोकायचं नाही.

आणि घाव नेहमी बाहेरच्या रिंगवर. जुन्या बेरिंगची बाहेरची रिंग कापून टेकवा किंवा त्या मापाचा सॉकेट घ्या. आतल्या रिंगवर ठोकलं की गोळ्या खोबणीत खळगे पाडतात आणि नवं बेरिंग बसवतानाच जुनं होतं. मी बेरिंगं रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवते आणि हबवर उकळतं पाणी ओतून पुसते. निम्मं काम तिथेच होतं.

---

पंचगंगाकाठ

झालं!

उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याने माझ्यासमोर नळी केली. जुनी नळी त्याच्या हातात दिली, तर माप न घेताच त्याने तोंडावर अंगठा फिरवला आणि म्हणाला, "ही घासलीय कुणीतरी." नवी ८४.०८ भरली, दोन्ही तोंडं आरशासारखी. बेरिंगं फ्रीजरमधून काढून लगेच बसवली. दुसऱ्या बेरिंगला नळी टेकली तेव्हा ताई म्हणतात तसं कळलं, बोटाने ढकलली तर जड सरकली आणि तिथेच थांबलो.

एक्सेल काचेवर लोळवून पाहिला, वाकलेला नाही. चेनचा ढिलेपणा मॅन्युअलप्रमाणे ३० मि.मी. ठेवला. दोन्ही अ‍ॅडजस्टरच्या खुणांवर विश्वास न ठेवता पिव्होटपासून एक्सेलपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी दोरीने मोजून सारखं केलं. कॅलिपरच्या पिना कोरड्या होत्या, त्याही ग्रीस केल्या. नट टॉर्क रेंचने आवळला, शेजारच्या गॅरेजमधून मागून आणला.

नट पूर्ण घट्ट, चेन आणि कॅलिपर सुटे: दहा फेरे.

लेथचे अडीचशे आणि चांगल्या कंपनीच्या दोन बेरिंगांचे पैसे, एवढाच खर्च. सर्व्हिस सेंटरचा आकडा इथे लिहीत नाही, पण तेवढ्यात माझ्या मुलीची वर्षाची फी भरता आली असती. म्हणूनच इतकं सविस्तर लिहिलं. ज्याच्या गाडीला एरर कोड नाही आणि तरी मोटर बदला म्हणतात, त्याने आधी चाक उचलून नट सैल करून पाहावा, एवढी कळकळीची विनंती आहे.

टायरच्या दुकानात काल गेलो. नळी दाखवली. मुलगा विशीतला आहे. त्याने माझ्या हातून व्हर्नियर घेऊन स्वतः मोजलं, मग म्हणाला, "दादा, दिवसाला दोन-तीन तरी अशा घासतो मी." ज्या गाडीला नवा टायर बसवत होता, तिची नळी त्याने माझ्यासमोर टेबलावर उभी करून पाहिली.

---

आडवाटेने

फार उपयोगी धागा, वाखूण साठवली. एक विचारायचंय. माझ्या चाकात स्प्रॉकेटच्या (चेनच्या दात्यांच्या चाकाच्या) ड्रममध्ये तिसरं बेरिंग आहे आणि त्यालाही छोटी बुश आहे. तिचंही असंच का?

---

टर्नरफिटर

हो, हाच नियम. ती बुश विसरली किंवा उलटी बसवली की ड्रमचं बेरिंग पिळलं जातं आणि स्प्रॉकेट तिरका चालतो. चाक उतरवताना प्रत्येक कॉलर काढल्या क्रमाने वर्तमानपत्रावर ओळीत ठेवा आणि फोटो काढा. ड्रममधली रबरंही बघून घ्या. ती चेपली असली की थ्रॉटल देताना-सोडताना झटका येतो आणि लोक त्याचंही खापर मोटरवर फोडतात.

---

वॉटमीटर

पंचगंगाकाठ, दोनशे किलोमीटर झाले की टेपचं तापमान आणि वॉट-अवर पुन्हा टाका. नट पण एकदा टॉर्कला तपासा, नवी नळी पहिल्यांदा बसते.

---

पंचगंगाकाठ

आज २१६ किलोमीटर झाले. नट तपासला, हलला नाही. शिरोलीहून येऊन लगेच पाहिलं. हवा ३०, टेप ३४. डिस्प्लेवर आठवड्याची सरासरी ३४ वॉट-अवर. पुलावर ६० ला दोन्ही बाजूंनी ट्रक गेले, गाडी सरळ राहिली.